महागाईमुळे गुन्हे वाढले असं कोणी म्हणालं तर ते कसं तपासायचं, आणि आपण काय करायचं

महागाई वाढली की चोऱ्यामाऱ्या वाढतात, हे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो. मीही वर्षानुवर्षं बोलत आले. मग दोन वर्षं मी एका मोठ्या दुकानात स्टॉक मोजायच्या कामावर होते आणि तिथे जे बघितलं त्यानंतर हे वाक्य कानावर आलं की मी आधी विचारते, कुठली चोरी? कारण बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे आमच्याकडून दोन पद्धतीने गायब व्हायचे. एक म्हणजे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एकेक डबा, मंगळवारी एक, शुक्रवारी एक, आणि शेजारच्या कप्प्यातलं महागडं सामान जिथल्या तिथे. दुसरी पद्धत म्हणजे एखाद्या दुपारी अख्खा कप्पा रिकामा, बारा-पंधरा डबे एकदम. पहिल्या चोरीमागे घरात भुकेलं बाळ असणार. दुसऱ्या चोरीमागे गिऱ्हाईक असतं, पंधरा डबे कोणी घरच्या बाळासाठी नेत नाही, ते कुठेतरी निम्म्या किमतीत विकले जातात, आणि ते विकत घेणारी आईसुद्धा बऱ्याचदा महागाईनेच पिचलेली असते.

म्हणजे महागाई दोन्ही बाजूंनी काम करते, नेणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही. आपण बोलतो फक्त नेणाऱ्याबद्दल. माझा सगळा मुद्दा हाच आहे आणि खाली जी पद्धत सांगतेय ती त्याच्यावरच उभी आहे. तुम्हाला कॉलेजचा प्रोजेक्ट करायचा असेल, बातमी खरी की अर्धवट ते बघायचं असेल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी आकडे फेकत असेल किंवा स्वतःचं दुकान असेल, सगळीकडे चालेल.

आधी गुन्ह्याचं नाव विचारा

"गुन्हेगारी वाढली" या वाक्याला तसा काही अर्थ नसतो. खून, घरफोडी, दुकानातली चोरी, गाडी चोरी, ऑनलाइन फसवणूक, नवऱ्याने बायकोला मारणं, हे सगळं एका टोपलीत टाकून वर महागाईचं लेबल लावलं की चूक तिथेच झाली. कारण महागाईत काही गुन्हे वर जातात, काही जागेवर राहतात आणि काही चक्क खाली येतात.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जर्मनीतल्या बव्हेरियाचं आहे. १८३५ ते १८६१ या काळातले तिथले राय नावाच्या धान्याचे भाव आणि गुन्ह्यांच्या नोंदी, दोन्ही जपून ठेवलेले आहेत. राय म्हणजे तिथल्या गरिबाची रोजची भाकरी. गेओर्ग फॉन मायर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८६७ मध्येच दाखवून दिलं होतं की रायचा भाव चढला की चोऱ्या चढतात. नंतर, म्हणजे खूपच नंतर, २००० नंतरच्या दशकात अर्थतज्ज्ञांनी तेच आकडे परत काढले आणि त्यात पावसाची नोंद जोडली. का, तर पाऊस कोणाच्या हातात नसतो, जास्त पावसाने पीक बिघडलं की भाव चढणार, मग भावामुळेच चोऱ्या वाढल्या की दुसऱ्या कशामुळे हे जरा स्वच्छ दिसतं. निकाल आला तो असा की चोऱ्या खरंच वाढल्या, पण मारामाऱ्या आणि हिंसेचे गुन्हे कमी झाले. कारण धान्य महाग म्हणून बिअरही महाग, म्हणून लोक कमी प्यायले. एकच महागाई, एकच प्रदेश, आणि दोन गुन्हे दोन दिशांना गेले.

अलीकडचं बघायचं तर २०२२ घ्या. अमेरिकेत त्या वर्षी जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, चाळीस वर्षांत एवढा कधी नव्हता. त्याच वर्षी एफबीआयच्या आकड्यांत मालमत्तेचे गुन्हे साधारण ७ टक्क्यांनी वाढले आणि खून साधारण ६ टक्क्यांनी कमी झाले. आता त्या वर्षी कोणी "महागाईमुळे गुन्हे वाढले" म्हणालं असतं आणि दुसरा कोणी "काही नाही, गुन्हे कमी झालेत" म्हणाला असता तर दोघांच्याही हातात खरा आकडा असता. म्हणून आधी नाव विचारायचं, नाव मिळाल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

महागाई म्हणजे काय, तेही विचारा

लोक मंदी, बेरोजगारी, गरिबी आणि महागाई हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि मग सगळा गोंधळ होतो. मंदीत नोकऱ्या जातात पण भाव कदाचित पडतात. महागाईत नोकरी असते पण पगार पुरत नाही. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यातला माणूसही वेगळा वागतो.

२००९ घ्या. जागतिक मंदी, अमेरिकेत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, सगळ्यांना वाटलं आता रस्त्यावर लुटालूट होणार. झालं उलटं, त्या वर्षी हिंसक गुन्हे ५.३ टक्क्यांनी आणि मालमत्तेचे ४.६ टक्क्यांनी घटले. बरेच तज्ज्ञ चक्रावले. त्यातले एक गुन्हेशास्त्रज्ञ, रिचर्ड रोझेनफेल्ड, यांनी लक्ष वेधलं ते भावांकडे, की त्या वर्षी नोकऱ्या गेल्या पण भाव चढले नव्हते, उलट किंचित उतरले होते. आणि १९७० च्या दशकात भावही चढत होते आणि चोऱ्याही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भाव चढले की लोक स्वस्त वस्तू शोधायला लागतात, आणि चोरीच्या मालाएवढं स्वस्त काहीच नसतं. मागणी वाढली की पुरवठा करणारे तयार होतात. मी दुकानात रिकामा कप्पा बघून जे समजले होते तेच हे, फक्त त्यांनी ते अख्ख्या देशाच्या आकड्यांवर दाखवलं.

म्हणून कोणी दावा केला की तुम्ही तीन प्रश्न विचारा: भाव चढले का, पगार त्याच वेगाने चढले का, आणि नेमक्या कुठल्या वस्तूचे भाव चढले. तिसरा प्रश्न लोक विसरतातच. सरासरी महागाई ५ टक्के असेल पण घरभाडं, वीज आणि खाणं १५ टक्क्यांनी चढलं असेल, तर ज्याचा सगळा पगार या तीनच गोष्टींत जातो त्याच्यासाठी महागाई १५ टक्केच आहे. टीव्ही आणि विमानाची तिकिटं स्वस्त झाली म्हणून सरासरी खाली आली, त्याचा त्याला काय उपयोग.

पगाराचा भाग किती महत्त्वाचा आहे त्याचं एक उदाहरण. ब्रिटनमध्ये एप्रिल १९९९ मध्ये पहिल्यांदा देशभर किमान वेतन लागू झालं, तासाला ३.६० पौंड. नंतर अभ्यासकांनी बघितलं की ज्या भागांत कमी पगारवाले कामगार जास्त होते, म्हणजे ज्यांना या कायद्याचा जास्त फायदा झाला, तिथे बाकीच्या भागांच्या तुलनेत गुन्हे कमी झाले. भाव तर सगळीकडे साधारण सारखेच चढत होते, फरक पडला तो हातात येणाऱ्या पैशाने. म्हणून नुसता भावांचा आलेख दाखवून कोणी निष्कर्ष काढत असेल तर त्याला शेजारी पगाराचा आलेख ठेवायला सांगा.

माल कुठे जातो ते शोधा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा वेळ घेते.

गॅरी बेकर नावाचे अर्थतज्ज्ञ होते, त्यांना १९९२ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की गुन्हा करणारा माणूस मनातल्या मनात हिशोब करतो, मिळणार किती, पकडलो जाण्याची शक्यता किती, पकडलो गेलो तर शिक्षा किती. ही कल्पना त्यांना कशी सुचली तेही त्यांनीच सांगितलंय, एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला जायला उशीर झाला होता आणि गाडी नियमाप्रमाणे लांब लावायची की रस्त्यावरच लावून दंडाचा धोका पत्करायचा हे त्यांनी जाता जाता ठरवलं, रस्त्यावर लावली. आता भुकेला माणूस असा थंड डोक्याने हिशोब करतो असं मला अजिबात वाटत नाही, एकेक डबा नेणारी व्यक्ती कुठला हिशोब करत असेल. पण पंधरा डबे नेणारा नक्की करतो. आणि त्याच्या हिशोबातला "मिळणार किती" हा आकडा महागाई वाढवते.

हे धातूंमध्ये आरशासारखं स्वच्छ दिसतं. २००८ च्या शेवटी तांब्याचा भाव टनाला साधारण ३,००० डॉलरपर्यंत पडला होता, फेब्रुवारी २०११ मध्ये तो १०,००० च्या वर गेला. तेवढ्या काळात ब्रिटनमध्ये रेल्वेच्या केबल, चर्चच्या छपरावरचे पत्रे, गटारांची झाकणं चोरीला जायला लागली, गाड्या तासन्तास अडकून पडायच्या कारण सिग्नलची वायरच कोणीतरी कापून नेलेली. तिथे सरकारने काय केलं ते बघण्यासारखं आहे. नुसते पहारेकरी वाढवले नाहीत, भंगार घेणाऱ्यालाच नियमांत बांधलं. डिसेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगार रोखीत घ्यायला बंदी आली आणि २०१३ च्या कायद्याने भंगारवाल्याला लायसन्स आणि विकणाऱ्याची ओळख तपासणं सक्तीचं झालं. केबल कापणारे काही एका रात्रीत सुधारले नाहीत, पण ओळखपत्र दाखवून, खात्यात पैसे घेऊन चोरीचं तांबं विकणं अवघड झालं. पुढे धातूच्या चोऱ्या खाली आल्या. त्याच सुमाराला तांब्याचा भावही उतरत होता हे मान्य करायलाच हवं, दोन्हींचा वाटा आहे.

तसंच गाडीच्या सायलेन्सरला धूर स्वच्छ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्याचं. त्यात ऱ्होडियम नावाचा धातू असतो, मार्च २०२१ मध्ये त्याचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता, सोन्यापेक्षा पंधरापट तरी जास्त. लोक सकाळी गाडी सुरू करायचे आणि ट्रॅक्टरसारखा आवाज यायचा, रात्रीत कोणीतरी खालून कन्व्हर्टर कापून नेलेला.

म्हणजे पद्धत अशी, की चोरीला जाणाऱ्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीसमोर लिहा: ही खायला-वापरायला नेतात की विकायला? विकायला असेल तर कुठे विकतात आणि गेल्या वर्षभरात तिचा बाजारभाव कुठे गेला? उत्तर "विकायला" आलं की महागाईचा संबंध गरिबीशी कमी आणि बाजाराशी जास्त असतो. आणि मग गरीब वस्तीकडे संशयाने बघण्यात काही हशील नाही, जे दुर्दैवाने प्रत्येक महागाईत होतंच. भाव चढले की घरकामाला येणाऱ्या बाईची पिशवी तपासायला लागणारी माणसं मी बघितलीयेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण काठावर जगणाऱ्या लाखो लोकांपैकी जवळपास सगळे चोरी करत नाहीत, ते एक वेळ कमी जेवतात, औषध अर्धं घेतात, मुलाची ट्यूशन बंद करतात.

आकडा कोणी आणि कसा मोजला

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ या वर्षात पोलिसांनी दुकानातल्या चोरीचे साधारण ४ लाख ३० हजार गुन्हे नोंदवले, आधीच्या वर्षापेक्षा ३७ टक्के जास्त. २०२४ मध्ये ५ लाख १६ हजारांच्या वर गेले, म्हणजे आणखी २० टक्के. सध्याच्या पद्धतीने नोंद सुरू झाली २००३ मध्ये, तेव्हापासून २०२४ पर्यंतचा हा उच्चांक. हे आकडे घेऊन लोकांनी लगेच महागाईला जबाबदार धरलं. आता आपण हेच उदाहरण तपासायला घेऊ.

पहिली गोष्ट, हे नोंदवलेले गुन्हे आहेत, घडलेले नाहीत. दुकानदार बहुतेक चोऱ्या पोलिसांना सांगतच नाही, वेळ जातो, हाती काही लागत नाही. मग एखाद्या वर्षी दुकानांनी ठरवलं की आता सगळं नोंदवायचं तर चोरी तेवढीच राहून आकडा फुगतो. म्हणून घरोघरी जाऊन "तुमच्याबाबतीत गेल्या वर्षी काय घडलं" असं विचारणारे सर्व्हे असतात, अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंडमध्ये १९८२ पासून, त्यात पोलिसांकडे न गेलेलंही येतं. पण असे सर्व्हे घरांना विचारतात, दुकानांना नाही, त्यामुळे दुकानातली चोरी त्यातही सापडत नाही. म्हणजे बाकी गुन्ह्यांसाठी सर्व्हे आणि पोलिसांचा आकडा दोन्ही शेजारी ठेवा, दुकानातल्या चोरीसाठी दुकानांच्या स्वतःच्या स्टॉकच्या नोंदी बघा.

दुसरी, तुलना कुठल्या वर्षाशी आहे? २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे कित्येक दुकानं बंद होती, गर्दी नव्हती, चोऱ्या तळाला गेल्या होत्या. त्या तळापासून मोजलं की काहीही डोंगर वाटतं. २०१९ शी तुलना करा, मग बोला. (वर दिलेला २०२४ चा आकडा २०१९ च्याही वर आहे, म्हणजे वाढ खरी आहे, पण त्या तळापासून मोजून वाटते तेवढी नाही.)

तिसरी, वेळ जुळते का. ब्रिटनमध्ये महागाईचा दर ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१ टक्क्यांवर गेला आणि मग उतरत उतरत डिसेंबर २०२३ मध्ये ४ आणि डिसेंबर २०२४ मध्ये २.५ टक्क्यांवर आला. चोऱ्या मात्र चढतच राहिल्या. इथे बरेच जण म्हणतात, बघा, महागाई उतरली तरी चोऱ्या चढल्या, म्हणजे संबंध नाही. पण हा निष्कर्ष घाईचा आहे. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही होत, फक्त चढायचा वेग कमी झाला. शंभरची वस्तू एकशे अकराची झाली आणि मग एकशे पंधराची, ती परत शंभरला आलीच नाही. आणि दोन वर्षं ओढाताण करून माणसाची शिल्लक संपते, उधारी वाढते, मग तिसऱ्या वर्षी तो कोसळतो. त्यामुळे महागाई आणि गुन्हा यांचं टायमिंग बघताना दर न बघता भावांची पातळी बघा आणि मध्ये एक-दोन वर्षांचं अंतर सोडा. एवढं करूनही संबंध "सिद्ध" होत नाही हं, शक्य वाटतो एवढंच. जी चोरी विकण्यासाठी टोळ्या करतात तिचाही त्या वाढीत वाटा आहे, सेल्फ चेकआउटचाही, म्हणजे गिऱ्हाईकाने स्वतःच बिल करायच्या मशीनचाही आहे.

चौथी गोष्ट रुपये-पैशांची. "यंदा चोरीमुळे झालेलं नुकसान १० टक्क्यांनी वाढलं" असं कोणी म्हणालं आणि त्या वर्षी वस्तूच १० टक्क्यांनी महाग झालेल्या असतील तर चोऱ्या वाढल्याच नाहीत, तेवढेच डबे गेले. नुकसानीच्या आकड्यातून कायम आधी भाववाढ काढून टाकायची. कायद्यातही हेच होतं. कॅलिफोर्नियात मोठी चोरी कुठून धरायची त्याची मर्यादा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ४०० डॉलर होती, २०१० च्या सुमारास ती ९५० केली. मधल्या तीसेक वर्षांत भाव दुपटीहून जास्त झाले, म्हणजे जी सायकल सुरुवातीला नेली तर किरकोळ चोरी होती तीच सायकल नंतर नेली तर मोठा गुन्हा. माणूस तोच, वस्तू तीच, शिक्षा महागाईने वाढवली.

दुसरं कारण शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करा

याला फार वेळ लागत नाही पण लोक करत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत गाड्यांच्या चोऱ्या जवळपास ११ टक्क्यांनी वाढल्या, महागाईही शिखरावर, झालं, जुळलं. पण त्याच सुमाराला सोशल मीडियावर व्हिडिओ फिरत होते की दोन कंपन्यांच्या काही मॉडेल्समध्ये इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) नाही आणि ती गाडी यूएसबी केबलच्या टोकाने सुरू होते. चोरणारी बरीचशी शाळकरी पोरं, मजा म्हणून गाडी घेऊन फिरायची आणि कुठेतरी ठोकून सोडून द्यायची. यात महागाई कुठे आली? उलट बाजूने, अमेरिकेत १९३३ मध्ये मंदी सगळ्यात खोल होती, चारातला एक माणूस बेरोजगार, आणि खुनांचं प्रमाण त्या वर्षानंतर खाली यायला लागलं, त्याच वर्षी दारूबंदी उठली होती हेही लक्षात घ्या. प्रत्येक दाव्याला विचारा, याच काळात दुसरं काय बदललं? दारू, ड्रग्ज, पोलिसांची संख्या, लोकसंख्येतल्या तरुणांचं प्रमाण, नवीन टेक्नॉलॉजी.

जे मोजलंच जात नाही ते

महागाईचे सगळ्यात वाईट गुन्हे माझ्या मते कुठल्याच आलेखात दिसत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी घरभाड्यासाठी एका ओळखीच्या माणसाकडून पैसे घेतले, कागद नाही, सही नाही, फक्त दर आठवड्याला व्याज. चार महिन्यांनी मुद्दलाएवढं व्याज देऊन झालं होतं आणि मुद्दल तसंच. मग त्याने त्यांचं बँकेचं कार्ड आणि पासबुक ठेवून घेतलं. ताई पोलिसांकडे गेल्या नाहीत, कारण त्यांना वाटायचं पैसे आपणच घेतले, चूक आपलीच. बेकायदा सावकारी हा गुन्हा आहे, धमकी हा गुन्हा आहे, कार्ड काढून घेणं हा गुन्हा आहे, पण आकडेवारीत यातलं काही आलं नाही.

घरात कोणी असं अडकलंय का हे ओळखायच्या खुणा सांगते. फोन आला की बाहेर जाऊन बोलणं, पगाराच्या दिवशीच पैसे संपणं, कार्ड किंवा ओळखपत्र "हरवलंय" असं सांगणं, एका माणसाचं नाव निघालं की गप्प होणं. दिसलं तर रागावू नका, आधी हिशोब कागदावर मांडा, किती घेतले, कधी, किती दिले. मेसेज आणि कॉलचे स्क्रीनशॉट ठेवा. तेवढा कागद हातात असला की वकील असो की पोलिस, कोणाशीही बोलता येतं आणि अडकलेल्या माणसालाही पहिल्यांदा दिसतं की आपण किती भरलंय.

फसवणुकीचंही असंच. पगार पुरत नसला की "घरबसल्या रोज दोन तास काम" याला माणूस भुलतो, मूर्ख म्हणून नाही, गरज म्हणून. नियम एकच लक्षात ठेवा, काम देणारा कधीही आधी पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, "आधी एवढे टाका म्हणजे कमिशन सुटेल", यातलं काहीही आलं की फोन ठेवा. आणि आपलं बँक खातं दुसऱ्याला "वापरायला" भाड्याने देऊ नका, महागाईत अशा ऑफर्स येतातच, पैसे सोपे वाटतात, पण चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरला की पहिला पोलिस तुमच्या दारात येतो.

आणि घरातला मारझोडीचा भाग. पैशाच्या ताणाने चांगला माणूस मारायला लागतो असं मी म्हणणार नाही, तशी पळवाट कोणाला द्यायची नाही. पण महागाईत जी गोष्ट नक्की होते ती ही, की मार खाणाऱ्या बाईला बाहेर पडणं परवडत नाही. वेगळं घर, डिपॉझिट, मुलांची शाळा, सगळं महाग. गुन्हा तोच राहतो, सुटकेची किंमत वाढते.

मग उपाय कुठले चालतात

पैसे कधी मिळतात याला किती महत्त्व आहे ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात दिसलं. तिथे गरीब कुटुंबांना धान्य-किराण्यासाठी सरकारी मदत मिळते. २०१० मध्ये राज्याने ती वाटायचे दिवस बरेच वाढवले, म्हणजे कोणाला पाच तारखेला, कोणाला पंधराला. रक्कम तीच. अभ्यासात दिसलं की किराणा दुकानांतल्या चोऱ्या साधारण एक पंचमांशाने कमी झाल्या. माझ्या शेवटच्या आठवड्यातल्या एकेक डब्याची आठवण झाली मला ते वाचून. तुम्ही माणसं कामाला ठेवत असाल तर महिन्यातून एकदाऐवजी दोनदा पगार देऊन बघा, मागितली तर बिनव्याजी उचल द्या, तुमच्या खिशातून जादा काही जात नाही.

मदत म्हणजे जादूची कांडी मात्र नाही. शिकागोत भाडं थकलेल्या लोकांसाठी एक हेल्पलाइन होती, फंड असला तर एकरकमी मदत, नसला तर नाही, आणि फंड कधी असेल हे कोणालाच माहीत नसायचं. त्यामुळे नशिबाने मदत मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना करता आली. मदत मिळालेल्यांना हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी निघालं. पण कुटुंबवाल्यांमध्ये दुकानातल्या चोरीसाठी अटक थोडी वाढली, बहुधा एकदा मदत मिळाल्याने त्यांनी घर टिकवलं पण पुढच्या महिन्याचं भाडं भागवताना बाकी सगळं कमी पडलं. म्हणजे कोणाला मदत करत असाल तर एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळं होऊ नका, पुढच्या तीन महिन्यांचं काय हेही बसून बोला.

अगदी पोटासाठी केलेल्या चोरीकडे कायदा कसा बघतो? इटलीत एका बेघर माणसाने चार युरोंच्या आसपास किमतीचं चीज आणि सॉसेज खिशात घातलं, खालच्या कोर्टांनी सहा महिन्यांची शिक्षा दिली, आणि २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, तातडीची भूक भागवायला थोडंसं अन्न घेणं हा गुन्हा नाही म्हणून. सगळीकडे कायदा असा नाही, त्यामुळे याच्या भरवशावर कोणी राहू नये, पण दुकानदार म्हणून तुम्हाला प्रत्येक वेळी पोलिस बोलवायचे की नाही हे ठरवायची मोकळीक असते.

आणि घेणाऱ्याची बाजू, म्हणजे आपली. सेकंडहँड वस्तू घ्यायला काहीच हरकत नाही, मीही घेते. फक्त किंमत बाजारापेक्षा निम्म्याहून कमी असेल, बिल नसेल, पॅकिंग उघडलेलं नसेल आणि विकणारा "आत्ताच्या आत्ता घ्या" म्हणत असेल तर सोडून द्या. सायकल असेल तर फ्रेमवरचा नंबर घासलाय का बघा. फोन असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि तो बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळतो का बघा, विकणाऱ्याच्या देखत, जुळला नाही तर एक शब्द न बोलता परत द्या.

दुकान असेल तर आजपासून एक वही करा. गायब झालेल्या प्रत्येक वस्तूची तारीख, किती नग, महिन्याचा कितवा आठवडा, शेजारचं महाग सामान गेलं का राहिलं, एवढे चारच रकाने. तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. एकेक नग आणि महिनाअखेर असेल तर तिथे कुलूप लावण्याआधी उधारीची सोय किंवा जवळच्या मदत करणाऱ्या संस्थेचा नंबर असलेली पाटी लावून बघा. एकदम कप्पा रिकामा होत असेल तर मांडणीवर दोनच नग ठेवा, बाकीचे काउंटरच्या मागे. आमच्याकडे डब्यांचं दोन्ही केलं होतं. रिकामा कप्पा बंद झाला. एकेक डबा जायचा तो कमी झाला, पूर्ण थांबला नाही, आणि त्या आठवड्यांत काउंटरवर येऊन "थोडे पैसे नंतर दिले तर चालतील का" असं विचारणारे लोक वाढले.